सहा मोठे की सोळा?

शाळेच्या प्रयोगशाळेतले कपाट आवरायला काढले की त्यातून काय काय बाहेर पडते, हे विज्ञानाच्या शिक्षकांनाच विचारावे! गंजलेले चिमटे, शक्ती गेलेले लोहचुंबक, कोणी तरी जपून ठेवलेले सापाचे कातडे. २०१४ साली आमचे कपाट असेच आवरले, तेव्हा त्यातून दोन कॅमेरे निघाले. दोन्ही माजी विद्यार्थ्यांनी दिलेले. एक काळा, जड, गळ्यात अडकवायचा डीएसएलआर. त्यावर लिहिले होते ६ मेगापिक्सेल. दुसरा साबणाच्या वडीएवढा, शर्टाच्या खिशात सहज मावणारा. तो सहा वर्षांनी नवा आणि त्यावर आकडा होता १६.

मुलांचा निकाल तयारच होता. "सर, हा काळा ठोकळा भंगारात द्या. सोळा असताना सहा कशाला?"

मी म्हटले, "शुक्रवारपर्यंत थांबू या."

त्या शुक्रवारी आमच्या शाळेचे शिपाई मामा निवृत्त होणार होते. निरोप समारंभ संध्याकाळी होता आणि सभागृहात दिवे बेताचेच. मामांच्या डोळ्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती, म्हणून फ्लॅशचा झगझगाट करायचा नाही असे ठरले. सत्कारातला एक चांगला फोटो चौकटीत बसवून मामांना द्यायचा होता. दोन मुलांनी दोन कॅमेरे घेतले आणि शेजारी उभे राहून फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी संगणकावर फोटो उघडले आणि वर्ग गप्प झाला. सोळावाल्या फोटोत मामांच्या गालावर रवा सांडल्यासारखे ठिपके होते आणि फेट्याचा केशरी रंग डागाळलेला. सहावाल्या फोटोत मामांच्या डोळ्यांतले पाणीसुद्धा दिसत होते.

असे का व्हावे? सोळा हे सहापेक्षा मोठे नाहीत का?

पिक्सेल म्हणजे काय?

जुन्या कॅमेऱ्यात जिथे फिल्म असे, तिथे डिजिटल कॅमेऱ्यात सिलिकॉनचा एक चिमुकला तुकडा असतो. त्याला सेन्सर म्हणतात. त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी लक्षावधी घरे पाडलेली असतात. भिंगातून आलेला प्रकाश म्हणजे प्रकाशकणांचा, अर्थात फोटॉनांचा, वर्षाव. प्रकाशकण सिलिकॉनवर आदळला की तो एक इलेक्ट्रॉन मोकळा करू शकतो. कॅमेऱ्याची झडप उघडी असेपर्यंत प्रत्येक घरात इलेक्ट्रॉन साठत जातात. झडप मिटली की कॅमेरा प्रत्येक घरातला साठा मोजतो. जिथे साठा जास्त तो भाग उजळ, जिथे कमी तो काळोखा. घरांवर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांच्या गाळण्या बसवलेल्या असतात, त्यांवरून रंगाचा हिशेब होतो. अशी दहा लाख घरे म्हणजे एक मेगापिक्सेल.

ही युक्ती फार जुनी नाही. विलार्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ या दोन शास्त्रज्ञांनी १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सीसीडी नावाचे साधन शोधून काढले. त्याबद्दल त्यांना २००९ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९७५ साली कोडॅक कंपनीतला तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने सीसीडी वापरून एक कॅमेरा जुळवला. त्यात घरे किती होती? फक्त दहा हजार! एक काळे-पांढरे चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. तेव्हापासून घरे वाढवण्याची शर्यत सुरू झाली, आणि दुकानातल्या गिऱ्हाइकाला समजायला सोपा असा तोच एक आकडा होऊन बसला.

दोन सेन्सर मोजून पाहू

हिशेबासाठी बाजारात आलेली दोन मॉडेले घेऊ. निकॉन डी ४० हा २००६ सालचा डीएसएलआर. त्याच्या सेन्सरची लांबी २३.७ मिलिमीटर व रुंदी १५.६ मिलिमीटर, म्हणजे लहानशा टपाल तिकिटाएवढा. कॅनन पॉवरशॉट ए २३०० हा २०१२ सालचा खिशातला कॅमेरा. त्याचा सेन्सर सुमारे ६.१७ मिलिमीटर लांब व ४.५५ मिलिमीटर रुंद, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढा. पहिल्याचे क्षेत्रफळ सुमारे ३७० चौरस मिलिमीटर, दुसऱ्याचे २८. मोठा सेन्सर लहानाच्या १३ पट भरला.

आता तिकिटात ६० लाख घरे आहेत आणि डाळीत १ कोटी ६० लाख. भागाकार करा. मोठ्या सेन्सरचे एक घर सुमारे ७.९ मायक्रॉन रुंद येते, लहानाचे १.३ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रुंदीत सहापट फरक, म्हणून क्षेत्रफळात जवळजवळ ३५ पट. दोन्ही सेन्सरांवर सारखाच दाट वर्षाव झाला, तर मोठ्या घरात ३५ कण पडतील तेव्हा लहान घरात एकच पडेल.

तुम्ही म्हणाल, "पडू देत की! लहान घरातला आकडा ३५ ने गुणला म्हणजे झाले." कॅमेरा काहीसे तेच करतो. काळोखात आयएसओ वाढवणे म्हणजे हा गुणाकारच. पण गोम इथेच आहे, आणि ती घरच्या घरी पाहता येते.

मोहरीचा प्रयोग

एका कागदावर १२ सेंटिमीटर लांब-रुंद चौरस काढा. त्यात एक-एक सेंटिमीटरची १४४ घरे आखा. मग ठळक रेघांनी त्याचे चार मोठे चौरस पाडा. प्रत्येक मोठ्या चौरसात ३६ लहान घरे येतील. कागदाला पातळ खळ लावा, म्हणजे दाणे घरंगळणार नाहीत. आता हात उंच धरून चिमूट-चिमूट मोहरी सगळीकडे सारखी भुरभुरा. दर लहान घरात सरासरी चारेक दाणे पडले की थांबा.

आता मोजा. लहान घरांत कुठे २, कुठे ७, कुठे ४, कुठे एखादाच दाणा सापडेल. मोहरी तुम्ही सारखी भुरभुरली, तरी घरे सारखी भरली नाहीत. मोठ्या चौरसांत मात्र १३८, १५१, १४२ असे एकमेकांच्या जवळचे आकडे येतील.

यामागे एक सुंदर नियम आहे. निव्वळ योगायोगाने पडणाऱ्या कणांची सरासरी संख्या जितकी, तिच्या वर्गमूळाइतका चढउतार साधारणपणे होतोच. सरासरी ४ असेल तर चढउतार २, म्हणजे निम्मा! सरासरी १४४ असेल तर चढउतार १२, म्हणजे शेकडा ८ च्या आसपास. छत्तीसपट मोठ्या घरात अंदाज सहापट पक्का झाला.

प्रकाशकणही मोहरीसारखेच योगायोगाने पडतात. मामांचा गाल सगळीकडे सारखाच उजळ होता, पण अंधुक प्रकाशात लहान घरांत कण पडले थोडे. कुणाला जास्त मिळाले, कुणाला कमी. मग कॅमेऱ्याने आकडे गुणून वाढवले, तेव्हा प्रकाशाबरोबर हा चढउतारही वाढला. गालावरचा 'रवा' तो हाच. तो कॅमेऱ्यातला बिघाड नव्हता; प्रकाशाचा स्वभावच तसा आहे.

एका मुलीची शंका

हे ऐकून नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, पण छत्तीस लहान घरांची बेरीज केली तर मोठ्या चौरसाइतकीच येते. मग घरे लहान असण्यात तोटा काय?"

शंका अगदी बरोबर होती. संगणकावर मोठा फोटो आक्रसून लहान केला की शेजारशेजारच्या घरांची अशी बेरीज होते आणि रवाळपणा कमी दिसतो. म्हणजे दोष घरांच्या संख्येचा नाही. एवढी बेरीज करूनही जो फरक उरतो, तो संपूर्ण सेन्सरच्या क्षेत्रफळाचा. तो १३ पट. त्याचे वर्गमूळ साडेतीनपेक्षा थोडे जास्त. दोन्ही फोटो एकाच आकारात छापले, तरी मोठ्या सेन्सरचा फोटो, दोन्ही सेन्सर सारख्याच जातीचे असतील तर, एवढ्या पटीने स्वच्छ येणार.

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना हे लगेच पटेल. शेतात वाफे जास्त पाडले म्हणून शेतावर पाऊस जास्त पडत नाही. पावसाचे एकूण पाणी ठरते ते शेत केवढे आहे त्यावर. मेगापिक्सेल म्हणजे वाफ्यांची संख्या. शेत केवढे आहे, हे खोक्यावर बहुधा ठळक छापलेले नसते.

शिवाय वाफे बारीक करण्यालाही मर्यादा आहे. प्रकाश ही लहर असल्यामुळे भिंगाच्या छिद्रातून जाताना तो थोडा पसरतो. याला विवर्तन म्हणतात. कितीही उत्तम भिंग घेतले तरी ताऱ्यासारख्या बिंदूची प्रतिमा बिंदू येत नाही, लहानशी चकती येते. जॉर्ज एअरी या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३५ साली हे गणित मांडले. खिशातल्या कॅमेऱ्याचे छिद्र जास्तीत जास्त उघडे, म्हणजे एफ २.८ वर असताना ही चकती सुमारे पावणेचार मायक्रॉनची होते. म्हणजे जवळजवळ तीन घरे व्यापते. दूरचे जवळ आणायला झूम पूर्ण ओढला की छिद्र एफ ६.९ होते आणि चकती सात घरांवर पसरते. मग सोळा मेगापिक्सेलपैकी पुष्कळशी घरे शेजाऱ्याचीच बातमी पुन्हा सांगत बसतात.

खिशातल्याची बाजी

इथवर वाचून तुम्ही लहान कॅमेऱ्याला नापास केले असेल, तर घाई केलीत! त्याच पावसाळ्यात मुलांना शाळेच्या कुंपणावर एक कोळी सापडला. डीएसएलआरवाल्याने पुष्कळ खटपट केली. त्याच्या कॅमेऱ्याबरोबर मिळालेले भिंग २८ सेंटिमीटरपेक्षा जवळचे स्पष्ट दाखवीना. कोळ्याचे डोळे स्पष्ट आले तर पाय धूसर. लहान कॅमेरा मात्र कोळ्यापासून चार बोटांवर नेला आणि डोळे, पाय, जाळ्यावरचे दव असे सगळे एकदम लख्ख आले.

कारण पुन्हा आकारातच आहे. सेन्सर लहान म्हणून भिंगाचे नाभीय अंतरही लहान. आपल्या दोन मॉडेलांत सारखाच रुंद देखावा टिपायला डी ४० चे भिंग १८ मिलिमीटरचे लागते, ए २३०० चे ५ मिलिमीटरचे पुरते. छिद्रे पूर्ण उघडी ठेवली तर त्यांचा व्यास पहिल्यात सुमारे ५ मिलिमीटर, दुसऱ्यात २ मिलिमीटरहूनही कमी. डोळे बारीक करून पाहिले की फळ्यावरचे धूसर अक्षर जरा स्पष्ट दिसते ना? तसेच छिद्र लहान असले की जवळच्या आणि दूरच्या वस्तू एकाच वेळी स्पष्ट येतात. ज्या लहानपणामुळे मामांचा फोटो बिघडला, त्याच लहानपणामुळे कोळ्याचा फोटो साधला.

डीएसएलआरची खरी चपळाई दिसते ती मैदानावर. त्याच्या पोटात एक आरसा असतो. तो भिंगातून आलेले दृश्य वर वळवून आपल्या डोळ्यापर्यंत पोचवतो. आरशाखालचा एक वेगळा सेन्सर भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा ताडून पाहतो. भिंग कोणीकडे आणि किती सरकवायचे, हे त्याला एका दमात कळते. त्या काळचे खिशातले कॅमेरे चाळशी विसरलेल्या आजोबांसारखे वागत. आजोबा वर्तमानपत्र पुढे-मागे करत स्पष्ट जागा शोधतात, तसे तेही भिंग पुढे-मागे करत. तेवढ्यात कबड्डीपटू रेषा ओलांडून परत आलेला असे! उलट, डी ४० वर चलचित्र घेता येत नाही, ए २३०० वर येते. वजन पाहावे तर पहिला भिंगासकट पाऊण किलोच्या जवळ, दुसरा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. सहलीला डोंगर चढताना हा फरक फार मोठा वाटतो.

आणि मोबाइल?

आता खिशातल्या कॅमेऱ्यांची जागा बहुतेक घरांत मोबाइलने घेतली आहे. मोबाइलचा सेन्सरही डीएसएलआरच्या मानाने लहानच. तरी रात्रीचे फोटो बरे येतात, ते कसे? आजचे अनेक मोबाइल बटण दाबल्यावर एकामागून एक पुष्कळ फोटो घेतात, ते एकमेकांवर नीट जुळवतात आणि त्यांची बेरीज करतात. शेत लहान आहे, म्हणून ते जास्त वेळ पाऊस साठवतात. पण माणूस हलला की जुळवणी फसते. मोहरीचा नियम त्यांनाही चुकलेला नाही.

आमचा काळा ठोकळा भंगारात गेला नाही. त्याने काढलेला मामांचा फोटो चौकटीत बसून मामांच्या घरी गेला. मुलांनी कपाटाच्या दाराला एक कागद चिकटवला: "सभागृह, संध्याकाळ, खेळ – मोठा कॅमेरा. किडे, फुले, सहल – छोटा कॅमेरा. वापरून झाल्यावर बॅटरी चार्ज करून ठेवावी."

तुमच्या घरीही एखादा जुना कॅमेरा पडून असेल. त्याला नापास करण्याआधी संध्याकाळी दिवा न लावता, खिडकीशी बसलेल्या आजीचा एक फोटो त्याने काढा आणि एक घरातल्या मोबाइलने. दोन्ही संगणकावर मोठे करून गालाचा तेवढाच भाग शेजारी ठेवा. आणि मोहरीचे आकडे मात्र वहीत लिहून ठेवायला विसरू नका.