उघडिपीतली कामे उघडिपीतच उरकावीत

या पानावर आपण नेहमी पेरणी, खत-बियाणे आणि कीड-रोगांबद्दल वाचता. आजचा रोग पिकावरचा नाही, घरातल्या लेकराचा आहे. पीकपाहणी झाली की ओसरीवर चहा होतो आणि तिथे आईबाप हळूच विषय काढतात. "साहेब, पोरगं महिनाभर वाऱ्यावर असतं. झोपत नाही, थांबत नाही. अन् मग दोन महिने भिंतीकडं तोंड करून पडतं. कुणाची नजर लागली म्हणावं?"

नजर नाही, हा आजार आहे. त्याला बायपोलर डिसऑर्डर म्हणतात. पूर्वी मॅनिक डिप्रेशन म्हणत. मराठीत कुणी द्विध्रुवीय विकार म्हणतात. मन एकदा अतोनात वर चढते, एकदा खोल खाली जाते. डॉक्टरांच्या कागदावर 'बीपीएडी' अशी अक्षरे असतात. ती वाचून "पोराला बीपी निघालं" असे सांगत फिरू नका, रक्तदाबाशी त्याचा संबंध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर दोनशे माणसांमागे साधारण एकाला हा आजार आहे. म्हणजे आपल्या गावात तो नसेलच, असे कुणी धरून चालू नये.

आजाराची सुरुवात बहुधा पंधरा ते पंचविशीच्या दरम्यान होते. दहावी-बारावीचे, लग्नाचे, शेतीचा कारभार हाती येण्याचेही हेच वय. म्हणून घोटाळा होतो. चढावर असताना घरच्यांना वाटते पोरगं कामाला लागलं. उतारावर असताना वाटते आळशी निघालं. दोन्ही वेळा आजार नजरेतून सुटतो.

ओळखावे कसे?

चढाची खरी खूण झोपेत सापडते. जागरण झाले तर कुणीही दुसऱ्या दिवशी पेंगतो. हे मूल दोन-तीन तास झोपते आणि पहाटे ताजेतवाने उठून कामाला लागते. बोलणे थांबत नाही, एक विषय संपायच्या आत दुसरा सुरू होतो. शेततळे, पोल्ट्री, डाळिंबाची बाग, सगळे याच महिन्यात करायचे असते. उधारी होते, बयाणे दिले जातात. अडवले की चिडते, अंगावर येते. कुणाला आपल्यात दैवी शक्ती आली असे वाटू लागते. असे आठवडाभर चालले तर थांबू नका, दाखवा.

उतारात उलटे होते. जेवण, अंघोळ, दावणीची आवडती गाय, कशात मन राहत नाही. "माझा तुम्हाला भारच हाय" असे बोलणे निघते. दोन आठवडे असे राहिले तर ती सुस्ती नव्हे.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. बहुतेक आईबाप मुलाला उतारात दवाखान्यात नेतात, कारण चढात ते येतच नाही. मग डॉक्टरांना फक्त उदासीच सांगितली जाते. असे करू नका. मागे कधी झोपेविना धावपळ, उधळपट्टी झाली असेल तर तीही सांगा. नुसत्या नैराश्याची गोळी या आजारात काहींना उलट चढावर नेते, म्हणून डॉक्टरांना दोन्ही बाजू कळाव्या लागतात.

उघडीप म्हणजे पाऊस संपला नव्हे

चढ आणि उतार यांच्या मध्ये कधी कधी महिनोन्महिने मूल अगदी पूर्वीसारखे असते. हसते, जेवते, कामाला जाते. ही उघडीप. पावसाळ्यात उघडीप मिळाली की आपण कोळपणी-खुरपणी उरकतो, चर मोकळे करतो, फुटलेला बांध घालतो. पाऊस गेला म्हणून कुणी घोंगडी विकत नाही. पण या आजारात नेमके तेच होते. मूल बरे दिसले की गोळ्या बंद!

आमच्या भागातल्या एका घरात असेच झाले. बावीस वर्षांचा मुलगा, आठ महिने व्यवस्थित होता. "धडधाकट पोराला रोज गोळ्या कशापायी?" असे पाहुण्यांनी म्हटले, आणि गोळ्या थांबल्या. पुढे कांदा काढणीची धांदल आली, रात्री-अपरात्री गाड्या भरणे आले, झोप तुटली. दोन आठवड्यांत त्याने बैलजोडी निम्म्या भावात देऊन टाकली आणि जुन्या टेम्पोचा बयाणा दिला. बापाने हात उचलला. पोरगा घर सोडून गेला, चार दिवसांनी सापडला, मग दवाखाना. आता त्याची आई म्हणते, "बैल परत घेता येत्याल. पोराचं ते साल काय परत येत न्हाई."

म्हणून सांगणे एवढेच, की वादळात मुलाशी वाद घालून काही हाती लागत नाही. करायचे ते उघडिपीत, मुलाला शेजारी बसवून, त्याच्या संमतीने ठरवून ठेवावे. काय काय ठरवायचे, ते पुढे देत आहे. मी डॉक्टर नाही. औषध कोणते आणि किती, हे डॉक्टरच सांगतील. पण बाकीचा दिवस मूल आपल्या घरात आणि शिवारात असते, तिथले हे आहे.

रात्रीचे पाणी या मुलाने धरू नये

झोप तुटणे हे चढ सुरू होण्याचे मोठे कारण आहे. आपल्याकडे शेतीची वीज बऱ्याच गावांत पाळीप्रमाणे रात्री येते. सौर वाहिन्यांमुळे काही ठिकाणी दिवसा मिळू लागली आहे, पण सगळीकडे नाही. घरात तरणा मुलगा असला की रात्रीची दारे धरायला तोच जातो. या आजाराच्या मुलाला ते काम देऊ नका. भावाने, बापाने करावे किंवा रोजाने गडी लावावा. एका रात्रीची मजुरी दवाखान्याच्या एका फेरीपेक्षा स्वस्तच पडते. बदल्यात त्याला पहाटेची धार, दिवसाची फवारणी सोडून इतर कामे, बाजाराचा हिशेब द्यावा. रिकामे बसवून ठेवणेही बरे नाही.

लग्नसराई, जत्रा, परीक्षेचा अभ्यास, सगळीकडे हाच नियम. झोपायची आणि उठायची वेळ ठरलेली असावी. चहा संध्याकाळनंतर नको. दारू आणि गांजा तर अजिबात नको.

गोळी, पाणी आणि मीठ

या आजारावरचे एक जुने आणि भरवशाचे औषध म्हणजे लिथियम. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी 1949 मध्ये त्याचा उपयोग जगापुढे मांडला आणि आजही ते वापरात आहे. हा एक क्षार आहे. आपल्याला माती-पाणी परीक्षणाची सवय आहे, तसेच इथे रक्ताचे परीक्षण लागते. रक्तात लिथियम कमी पडले तर गुण येत नाही, जास्त झाले तर विषबाधा होते आणि या दोहोंतले अंतर थोडे आहे. म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासायचे, तेही शेवटच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी. मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणीही ठरावीक मुदतीने करायची.

शेतकऱ्याच्या घरात खरा धोका उन्हाळ्यात आहे. चैत्र-वैशाखात घाम गाळून पाणी कमी प्यायले, जुलाब-उलट्या झाल्या, कडक उपवास धरला किंवा जेवणातले मीठ एकदम बंद केले, तर अंगात लिथियम साचते. लिथियम घेणाऱ्या मुलाबरोबर पाण्याची कळशी रानात गेलीच पाहिजे. दुपारी सावलीत विसावा हवा. अंगदुखीला दुकानातली कोणतीही गोळी आणू नका, कारण आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनीही लिथियम वाढते. हात जास्त थरथरू लागले, चाल डगमगली, जीभ जड झाली, गुंगी आली, तर पुढची गोळी देऊ नका आणि तडक दवाखाना गाठा.

मुलगी असेल तर डॉक्टरांना आणखी एक विचारा. व्हॅलप्रोएट हे याच आजारावरचे दुसरे औषध पोटातल्या बाळाला अपाय करू शकते. लग्नाच्या वयाच्या मुलीला कोणते औषध द्यावे, हे आधीच बोलून ठेवावे. बाळंतपणानंतरचे काही आठवडे या आजारात फार जपण्याचे असतात. त्या काळात लेकीला रात्रीची झोप मिळेल, अशी माहेरची व्यवस्था हवी.

फवारणीची औषधे कुलपात

हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिणे भाग आहे. या आजारात जीव देण्याचा विचार येण्याचे प्रमाण मोठे आहे आणि आपल्या घरात कीटकनाशक पलंगाखाली, कोनाड्यात, गोठ्याच्या वळचणीला असते. तो विचार बहुधा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळी हाताशी बाटली नसली तर जीव वाचतो. म्हणून लागेल तेवढेच औषध आणावे, उरले तर कुलपाच्या पेटीत ठेवावे, किल्ली घरात एकाच माणसाकडे असावी. जमल्यास शेजारच्या भावकीत ठेवावे. डॉक्टरांच्या गोळ्याही मोठ्यांनीच सांभाळाव्यात. "जीव नकोसा झालाय का रे?" असे मायेने सरळ विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, उलट मुलाचे मन मोकळे होते.

आणि तशी वेळ आलीच, तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका, आधी दवाखान्यात न्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 115 प्रमाणे असा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच धरले जाते. त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे आहेत.

पैसा, लग्न आणि साखळी

उघडिपीत मुलाशी बोलून ठरवा: मोठा व्यवहार दोन सह्यांशिवाय नाही, आणि झोप तीन रात्री तुटली तर मोबाइलवरचे पैसे पाठवणे बंद. कृषी सेवा केंद्रवाल्याला, ओळखीच्या व्यापाऱ्याला मुलाच्या देखत सांगून ठेवा. त्यात अपमान नाही. तो अठरा वर्षांचा झाला असेल तर आजार उफाळल्यावर कोणते उपचार हवेत, कुणी निर्णय घ्यावा, हे तो याच कायद्याने आधीच लिहून ठेवू शकतो.

"लगीन लावा, सुधारंल" हा सल्ला ऐकू नका. लग्नाने हा आजार जात नाही. लपवून लग्न केले की सुनेच्या भीतीने पहिली गोळी बंद होते ती मुलाची. आधी दोन्ही घरांना सांगावे, मग ज्यांना पटेल त्यांच्याशी सोयरीक करावी. औषधपाण्यावर असलेली, संसार करणारी माणसे आहेत.

देवाला जा, नवस बोला, कुणाची हरकत नाही, पण गोळी बरोबर न्या. आणि मुलाला बांधून ठेवू नका. तमिळनाडूत एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले 28 रुग्ण दगावले. आज साखळीने बांधणे कायद्याने बंद आहे.

जावे कुठे?

जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागात जावे. तिथून पुढे गरज पडली तर पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची मनोरुग्णालये आहेत. रात्री-बेरात्री बोलायचे असेल तर टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक फिरवा, मराठीत बोलता येते. आजार दीर्घकाळ अडथळा करत असेल तर अपंगत्व प्रमाणपत्राचीही चौकशी करा, 2016 च्या कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे.

शेवटी एक काम. येत्या बाजाराला एक वही आणा. पावसाची नोंद ठेवतो तशी रोज एक ओळ लिहा: किती तास झोप, गोळी घेतली का, मन कसे, खर्च किती. मुलाला स्वतःच्या हाताने लिहू द्या. वर सांगितलेल्या घरातली आई लिहिणे येत नाही म्हणून कॅलेंडरवर खुणा करते, जागरणाला फुली आणि गोळीला टिंब. यंदा दोन फुल्या लागोपाठ दिसल्या तशी ती तिसऱ्या दिवशी मुलाला घेऊन तालुक्याची एसटी धरून गेली. डॉक्टरांनी औषधात थोडा बदल केला. चढ आला, पण गुडघ्याएवढाच. दावणीची जनावरे दावणीला राहिली आणि पोरगा घरात राहिला.