ढील

चोक चेन म्हणजे दोन टोकांना दोन कड्या असलेली साधी साखळी. साखळी एका कडीतून ओवली की फास तयार होतो आणि उरलेल्या कडीत लीश अडकवतात. कुत्रा डाव्या हाताला चालणार असेल, तर त्याच्या समोर उभं राहून फास घालताना आकार इंग्रजी 'पी'सारखा दिसला पाहिजे. मग ओढली जाणारी साखळी मानेच्या वरून येते आणि हात सैल पडताच कडी आपल्याच वजनाने घसरून फास उघडतो. तोच फास उलट्या बाजूने घातला, तर हात सोडला तरी कडी अडकते आणि मान आवळलेलीच राहते. साखळी तीच असते, कुत्रा तोच असतो, पण ढील मिळत नाही. शिकवण्याच्या पट्ट्यांबद्दलची सगळी चर्चा या ढिलीपासून सुरू व्हायला हवी. आपल्याकडे ती हिसक्यापासून सुरू होते, म्हणून फसते.

कारण हिसका कुत्र्याला फक्त 'हे नको' एवढंच सांगतो. काय हवं आहे ते त्याला दाब नाहीसा झाल्याच्या क्षणी कळतं, तेही तो क्षण बरोबर साधला तरच. पायाशी परत आल्याबरोबर मान मोकळी झाली, तर पायाशी येण्याचा आणि सुटकेचा संबंध जुळतो. दोन सेकंद उशीर झाला की कुत्र्याची नजर शेजारच्या सायकलवाल्या मुलाकडे गेलेली असते आणि मानेतली वेदना त्या मुलाच्या खात्यावर जमा होते. साखळीने खेचून 'गप्प' केलेली कितीतरी कुत्री पुढे लहान मुलांवर किंवा दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जातात, त्यामागे बऱ्याचदा हा चुकलेला हिशेब असतो. संध्याकाळी फिरायला निघालेल्या माणसांचे हात पाहावेत. लीश मनगटाला दोन वेढे घालून गुंडाळलेली, दुसऱ्या हातात फोन, आणि साखळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली. या ताणातून कुत्रा काहीच शिकत नाही. तो मान पुढे रेटून चालायला शिकतो आणि गळा घरघरणं हाही त्याच्यासाठी फिरण्याचाच एक भाग होतो.

त्या गळ्यात श्वासनलिका आहे, मोठ्या शिरा आहेत, थायरॉइड ग्रंथी आहे, मणके आहेत. 'केसाळ मान, जाड कातडं, त्याला काय होतंय' हा समज चुकीचा आहे. केसांखालचं कुत्र्याच्या त्वचेचं वरचं आवरण माणसापेक्षा पातळ असतं. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांना गळ्यातल्या पट्ट्याने आणि छातीभोवती बसणाऱ्या हार्नेसने ओढून डोळ्यांतला दाब मोजला होता. पट्ट्याने ओढताना तो लक्षणीय वाढला, हार्नेसने वाढला नाही. पग किंवा शिह त्झूसारख्या बटबटीत डोळ्यांच्या कुत्र्यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. पॉमेरेनियनची श्वासनलिका अनेकदा मुळातच कमकुवत असते, त्यामुळे या कुत्र्याच्या गळ्यात फास घालण्याचं समर्थन होऊच शकत नाही. 2020 मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी मानेच्या प्रतिकृतीवर निरनिराळे पट्टे चढवून दाब मोजला, तेव्हा रुंद आणि मऊ अस्तराचे पट्टेही जोरात ओढले तर निर्धोक ठरले नाहीत. म्हणजे साधा पट्टासुद्धा नावाचा बिल्ला आणि सैल लीश अडकवण्यापुरताच. ओढायची वेळ आलीच, तर भार छातीवरच हवा.

यावर प्रशिक्षकांचं ठरलेलं उत्तर असतं : दोष साखळीत नाही, हातात आहे, जाणत्या हातात प्राँग कॉलर (आत वळलेल्या काट्यांचा पट्टा) किंवा विजेचा धक्का देणारी शॉक कॉलरही सुरक्षित असते. हे उत्तर हलकं मानून सोडून देता येत नाही. अमेरिकेतल्या 2024 च्या एका प्रयोगात 19 कुत्र्यांना पळत्या आमिषामागे न धावण्याचं शिक्षण दिलं. अनुभवी प्रशिक्षकांच्या हाती विजेची कॉलर असलेली कुत्री एक-दोन सत्रांत थांबली, खाऊ देऊन शिकवलेली कुत्री तेवढ्या वेळात थांबली नाहीत. धक्का बसला की कुत्री विव्हळत होती, हेही त्यात नोंदलेलं आहे. आता याच्या शेजारी इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठाचा 2020 मधला अभ्यास ठेवावा. त्यात 63 कुत्री होती, आणि विजेची कॉलर वापरणारे प्रशिक्षक ती बनवणाऱ्यांनीच सुचवलेले होते. तरीही 'ये' आणि 'बस' या आज्ञांना बक्षिसावर शिकलेली कुत्री सरस ठरली. थोडक्यात, निष्णात हातातसुद्धा धक्क्याचा फायदा पाठलाग थांबवण्यासारख्या अरुंद कामात दिसतो, रोजच्या कामात दिसत नाही. आणि कोंबड्यांमागे धावणाऱ्या घरच्या कुत्र्याला लांब दोरी लावता येते. 'जाणता हात' हा युक्तिवाद शेवटी विकत घेणाऱ्याच्याच विरोधात जातो : जी वस्तू फक्त अचूक हातात चालते, ती पहिल्यांदाच पिल्लू पाळणाऱ्या कुटुंबाच्या हाती का द्यायची? पट्टा निवडताना आपला हात चुकणार हे धरूनच चालावं. वेल्सने 2010 मध्ये विजेच्या कॉलरवर बंदी घातली आणि जर्मनीत 2022 पासून प्रशिक्षणात काटेरी पट्टा वापरता येत नाही.

खिळ्यांचा पट्टा आपल्याला अनोळखी नाही. हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात तो बिबट्यापासून रक्षणासाठी घालतात, पण त्याचे खिळे बाहेर वळलेले असतात.

राहतो तो खरा अडचणीचा प्रश्न. लॅब्रॅडॉर तीस किलोंचा आहे आणि त्याला फिरवणाऱ्या आजी गुडघ्यांनी बेजार आहेत. त्यांना 'खाऊ द्या, धीर धरा' एवढं सांगणं निर्दयपणाचं ठरेल. त्यांच्यासाठी छातीच्या पुढच्या कडीत लीश अडकवता येईल असा हार्नेस आहे. कुत्रा ओढू लागला की त्याचं अंग वळतं आणि ओढीचा जोर तुटतो, गळ्याला हात न लावता. कारवान किंवा मुधोळ हाउंड पाळणाऱ्यांची अडचण वेगळी असते. या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा निमुळतं, त्यामुळे साधा पट्टा मागे सरकताच डोक्यावरून निघून जातो. तिथे मार्टिंगेल पट्टा हवा, कारण तो ठरलेल्या मर्यादेपर्यंतच आवळतो. पूर्ण ओढल्यावर त्याच्या दोन कड्या एकमेकींना टेकल्या, तर माप मोठं आहे असं समजावं. मधे दोन बोटांचं अंतर उरलं पाहिजे.

आवळणाऱ्या कोणत्याही पट्ट्याने कुत्र्याला बांधून ठेवू नये, आणि घरी आल्यावर तो गळ्यात राहू देऊ नये. खिडकीच्या गजात अडकलेल्या फासाला ढील द्यायला कुणीच नसतं. अवाजवी आखूड किंवा जड साखळीला फार वेळ बांधणं हा तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हाच आहे. पावसाळ्यात नायलॉनचा पट्टा दिवसभर ओलाच राहतो, त्याखालची कातडी लाल होते आणि तिथेच गोचिड्या जमतात. रोज रात्री पट्टा काढून मान कोरडी पुसावी. पिल्लाच्या गळ्यात पट्ट्याखालून दोन बोटं सहज जातात का, हे दर आठवड्याला बघावं. गल्लीतल्या पिल्लाला कुणी प्रेमाने दोरी किंवा चमकणारा पट्टा बांधतं आणि विसरून जातं. पिल्लू वाढतं, पट्टा वाढत नाही, आणि सहा महिन्यांनी डॉक्टरला तो मांसातून कापून काढावा लागतो.