‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचा अर्थ : स्तनाचा कर्करोग आणि संप्रेरक-ग्राही

‘पॉझिटिव्ह’ हा इंग्रजी शब्द भुसावळच्या बाजारपेठेतही आता मराठीच झाला आहे. एड्समुळे आणि २०२० नंतर करोनाच्या साथीमुळे त्याला ‘रोग जडलेला’ हा एकच अर्थ चिकटला. त्यामुळे स्तनातील गाठीच्या अहवालात ‘ई. आर. पॉझिटिव्ह’ अशी अक्षरे दिसली की, ते दुश्चिन्ह समजले जाण्याचा संभव असतो. वस्तुतः या ठिकाणी तो शब्द बहुधा आशेचा असतो.

ई. आर. म्हणजे इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा ग्राही. हे पेशीतील एक प्रथिन असून संप्रेरक त्याला जडले म्हणजे पेशीच्या वाढीस चालना मिळते. अशी गाठ संप्रेरकावर पोसली जाते; अर्थात तो मार्ग रोखून तिला आवरताही येते. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी अंडाशये काढल्याने असा गुण येतो, हे १८९६ साली नमूद केले. त्यामागील ग्राहीचा उलगडा मात्र १९५० नंतरच्या दशकात शिकागो येथे एल्वुड जेन्सन यांनी केला. टॅमॉक्सिफेन ही गोळी हाच ग्राही अडविते. ती पाच वर्षे घेतल्यास पहिल्या पंधरा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात. ग्राही नसलेल्या गाठीवर तिचा उपयोग होत नाही.

जुन्या वैद्यकात ज्याला साध्यासाध्यविचार म्हणत, त्यात येथे काळाचाही विचार करावा लागतो. ग्राहीरहित रोग उलटण्याचे भय पहिल्या पाच वर्षांत अधिक असते व पुढे ओसरते. ग्राहीयुक्त रोगात ते आरंभी कमी असले, तरी वीस वर्षांपर्यंतही टिकते. म्हणून ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे अभय नव्हे. दीर्घ उपचार नेटाने पार पाडण्याची ती सूचना होय.

‘निगेटिव्ह’ हा शब्दही पारखून घ्यावा लागतो. काढलेली गाठ एका तासाच्या आत फॉर्मॅलीनमध्ये पडली पाहिजे व तीत सहा ते बहात्तर तास राहिली पाहिजे. भुसावळहून मुंबई रेल्वेने सुमारे ४४० किलोमीटर दूर आहे. गाठीचा तुकडा नुसत्या मिठाच्या पाण्यात घालून तिकडे धाडला, तर वाटेतच ग्राही नष्ट होऊन अहवाल खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो, आणि एक स्वस्त व गुणकारी गोळी रुग्ण स्त्रीच्या हातची जाते. तात्पर्य, अहवालातील शब्दाचा खरेखोटेपणा सूक्ष्मदर्शकापूर्वीच, शस्त्रक्रियेच्या मेजापाशी, ठरत असतो.