कुरणात भरणारी शाळा : अनुताई वाघ यांचे सेवाकार्य

माहीमहून पालघर स्थानक गाठावे आणि पश्चिम रेल्वेने उत्तरेस निघावे. बोईसर, वाणगाव व डहाणू मागे पडून घोलवड आले की एका अंगास बोर्डीचा समुद्रकिनारा लागतो, तर दुसऱ्या अंगास कोसबादची टेकडी दिसते. किनारा आणि टेकडी यांच्या दरम्यानच्या या लहानशा पट्ट्यात एका स्त्रीने आपल्या आयुष्याची सत्तेचाळीस वर्षे वेचली. अंगणवाडी हा शब्द आज ग्रामपंचायतीच्या प्रत्येक सभासदाच्या परिचयाचा आहे. त्यामागील कल्पना याच भूमीत रुजली.

अनुताई वाघ यांचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य, असे त्या काळात अनेकींच्या वाट्याला आलेले प्राक्तन त्यांच्याही वाट्याला आले. तथापि त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. नाशिक जिल्ह्यात व नंतर पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी अध्यापन केले. नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक आणि वयाच्या पन्नाशीनंतर बी. ए., असा त्यांचा स्वतःचा शिक्षणक्रम होता.

बालशिक्षणाच्या क्षेत्रातील थोर कार्यकर्त्या ताराबाई मोडक यांची बोरिवलीच्या एका शिबिरात भेट झाली आणि १९४५ साली अनुताई बोर्डीस आल्या. याच वर्षी या परिसरातील वारली शेतमजूर गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, हेही येथे ध्यानात ठेवावे. ज्यांच्या मुलांना शिकवावयाचे होते, त्यांचे जिणे कसे होते हे त्यावरून कळते.

बोर्डीस बालवाडी उघडली, परंतु वस्तीतील गरिबांची मुले तिच्याकडे फिरकेनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. मुलांना न्हाऊ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे, गाणी-गोष्टी सांगणे, असा तेथील पहिला पाठ असे. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने परवडण्यासारखी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे व पाने ही साधने झाली. ती किनाऱ्यावर आणि रानात विनामूल्य मिळत.

१९५६-५७ च्या सुमारास ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य कोसबादला हलले आणि तेथे खरी परीक्षा सुरू झाली. आदिवासी पाड्यांवरील मूल शाळेत येत नाही, यास पालकांची अनास्था हे कारण देण्याचा प्रघात होता. अनुताईंनी पाड्यांवर हिंडून पाहिले तेव्हा निराळेच चित्र दिसले. आईबाप मजुरीला गेले की आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड येई. मुलगा दिवसभर गुरांमागे असे. ही मुले रिकामी नव्हती, कामावर होती. त्यांना शाळेत बोलावणे म्हणजे घरातील एक कामकरी हात काढून घेणे होते.

त्यावर योजलेला उपाय साधा होता. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणण्यात आली. या योजनेस विकासवाडी असे नाव मिळाले. मुलीने भावंडास पाळणाघरात सोडावे आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसावे. मधल्या वयाचे भावंड बालवाडीत रमे. गुराख्यांसाठी मात्र हा उपाय लागू पडेना, कारण गुरे काही आवारात बांधून ठेवता येत नाहीत. म्हणून शिक्षकच कुरणात गेले. गुरे चरत असता झाडाच्या सावलीत वर्ग भरे आणि मोजण्यास समोर गाई-बैल असत. ही कुरणशाळा होय. ज्यांना दिवसा सवड नसे, त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग होते. हे सारे कागदावर लिहावयास सोपे आहे. परंतु पावसाळ्यात चिखल तुडवीत पाड्यावर जाणारी बाई किंवा गुरुजी रोज मिळणे, ही खरी अडचण असते. अनुताईंनी त्यासाठी स्थानिक तरुण-तरुणींना हाताशी धरून शिकविले आणि बालवाडी चालविणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत पुस्तके लिहिली.

१९७३ साली ताराबाईंचे निधन झाले. पुढील जवळजवळ वीस वर्षे केंद्राची धुरा अनुताईंनी वाहिली. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झाली आणि तिच्या केंद्रास अंगणवाडी असेच नाव मिळाले. १९८५ साली अनुताईंना पद्मश्री लाभली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन शिक्षकांनी अवश्य वाचावे. अध्यापन विद्यालयांतही ते वाचले जावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

१ ऑगस्ट २०१४ पासून हा प्रदेश पालघर जिल्ह्यात आहे. बोईसर-तारापूरला कारखाने आले, तरी दिवाळीनंतर पाड्यांवरील अनेक कुटुंबे आजही वीटभट्ट्यांच्या व अन्य मजुरीच्या कामांवर बाहेर जातात आणि मुलेही बरोबर जातात. गावच्या पटावर त्यांचे नाव राहते. पंचायतीच्या सभेत हजेरीचा विषय निघतो तेव्हा ती मुले त्या दिवशी कोठे आहेत, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात या मुलांसाठी वीटभट्टीवरच, मजुरांच्या झोपड्यांशेजारी, भोंगा शाळा निघाल्या. गुरांऐवजी तेथे विटांच्या राशी होत्या, एवढाच काय तो फरक.