वृक्षसंगोपन आणि शनिवारची सभा

वृक्षारोपण हे एका दिवसाचे काम आहे. वृक्षसंगोपन हे निदान तीन वर्षांचे काम आहे. पहिले काम आपल्या शाळांतून दरवर्षी उत्साहाने होते. दुसरे कोणी करावयाचे, हे मात्र बहुधा ठरलेले नसते. गेल्या पावसाळ्यात ज्या खड्ड्यात रोप लावले, त्याच खड्ड्यात यंदा पुन्हा रोप लावण्याचा प्रसंग शाळेवर येतो, त्याचे कारण हेच होय. या दुसऱ्या कामाची, खेड्यातील शाळेस झेपेल अशी एक व्यवस्था येथे शिक्षकबंधुभगिनींपुढे ठेवावयाची आहे.

वनमहोत्सवाची प्रथा तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० साली सुरू केली. आपल्या राज्याने २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपे लावण्याचे संकल्प केले. हे आकडे लावावयाच्या रोपांचे आहेत. जगलेल्या झाडांचा आकडा मात्र त्या त्या जागी वर्षभर कोणी फेरी घालीत असेल, तरच हाती येतो.

सेवासंस्थेपासून घेण्याजोगा धडा

शहरांतून रोटरीसारख्या सेवासंस्था आहेत. पॉल हॅरिस या वकिलाने फेब्रुवारी १९०५ मध्ये शिकागो येथे पहिली रोटरी सभा भरविली. सभा पाळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत भरे, म्हणून फिरण्याचा अर्थ असलेले हे नाव पडले. मुंबईचा रोटरी क्लब १९२९ सालचा आहे. ठराविक वार, ठराविक वेळ, उपस्थितीची नोंद, एखाद्या जाणत्याचे छोटे भाषण आणि हाती घेतलेल्या कामाचा आढावा, अशी या साप्ताहिक सभेची रूढ घडण आहे. २०१६ पासून महिन्यातून दोन सभांचीही मुभा मिळाली. तथापि नेमाने भेटण्याचे तत्त्व कायम आहे. २०१७-१८ साली जागतिक अध्यक्ष इयान रायझली यांनी २२ एप्रिल २०१८ च्या वसुंधरा दिनापर्यंत प्रत्येक सभासदामागे एक झाड लावण्याचे आवाहन केले होते.

यातून आपण घ्यावयाचे ते एवढेच की, ज्या कामाची विचारपूस पुढच्या आठवड्यात होणार असते, ते काम सहसा पडून राहत नाही. रोपाची गरजही आठवड्याच्याच मापाची आहे. आठ दिवसांचा हलगर्जीपणा ते सोसते, उन्हाळ्यातील महिन्याभराचा सोसत नाही.

सभा कशी भरवावी

शनिवारच्या सकाळच्या शाळेत अर्धा तास पुरे. सभा वर्गात न घेता झाडांपाशी घ्यावी. प्रथम प्रत्येक रोपाच्या पालक विद्यार्थ्यांनी आठवड्याची हकिकत सांगावी. नंतर दहा मिनिटांचे एकच बोलणे व्हावे. त्यात एकच गोष्ट सांगावी आणि ती लगेच करून दाखवावी. वक्ता शिक्षकच हवा असे नाही. गावचा जुना शेतकरी, रोपवाटिकेचा माळी किंवा वनरक्षक बोलल्यास मुले अधिक लक्ष देतात. शेवटी पुढच्या आठवड्याच्या पाळ्या वाचून दाखवाव्यात.

बोलण्याचे विषय ऋतूप्रमाणे घ्यावेत.

(१) पावसाळा : रोपाची पिशवी अलगद फाडून काढावी, मुळांभोवतीची माती मोडू देऊ नये. खोड मातीत खोल गाडू नये. काठीचा आधार द्यावा. पण जुन्या कापडाच्या पट्टीने आठाच्या आकड्यासारखी सैल गाठ मारावी, कारण तार किंवा सुतळी वाढत्या खोडात रुतते. शेळ्यांपासून रक्षणासाठी बाभळीच्या काट्यांचे कुंपण स्वस्त व पुरेसे असते.

(२) हिवाळा : वाफसा येताच आळ्यातील तण काढून माती हलकेच मोकळी करावी. वाळवी दिसल्यास निंबोळी पेंड घालावी.

(३) उन्हाळा : आपल्या जिल्ह्यातील काळी जमीन वाळली की भेगाळते, आणि भेगांतून कोवळी मुळे उघडी पडून तुटतात. म्हणून आळ्यात आच्छादन हवेच. वसमतकडे हळदीच्या काढणीनंतर वाळलेला पाला मिळतो, इतरत्र सोयाबीनचे कुटार मिळते. आच्छादन चार बोटे जाड असावे, मात्र खोडास भिडू नये. रोपाशेजारी तळाला बारीक छिद्र पाडून वात घातलेले कच्चे मडके गळ्यापर्यंत पुरावे व झाकावे. त्यातून पाणी मुळांशी सावकाश झिरपते. रोज तांब्याभर पाणी शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदोनदा घागरभर पाणी सावकाश देणे हितकर; पाणी खोल गेले की मुळेही खोल जातात.

मोठ्या झाडांविषयीही बोलावे. फांदी तोडावयाची झाल्यास खोडाशी जो फुगीर कंगोरा असतो, तो राखून त्याच्या किंचित बाहेर कापावे. झाड जखम आपल्यासारखी भरून काढीत नाही. ते कुजलेला भाग आतून बंदिस्त करते व पुढे वाढते, हे अमेरिकेतील वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी खोडे चिरून दाखविले. हे काम त्या कंगोऱ्यापाशी होते, म्हणून तो कापू नये. जखमेस डांबर फासण्यानेही कूज थांबत नाही. फलकासाठी खोडात खिळे ठोकू नयेत आणि बुंध्याभोवती सिमेंटचा पक्का ओटा बांधून मुळांचे हवापाणी तोडू नये.

सुटीचा प्रश्न

शाळेतील रोपे खरोखर मरतात ती उन्हाळ्याच्या सुटीत. झाडाला सर्वांत जास्त पाणी हवे असते, नेमकी तेव्हाच शाळा बंद असते. यास्तव मार्चअखेरच्या सभेतच सुटीच्या पाळ्या लावाव्यात. शाळेजवळ राहणारी दोन मुले, एक पालक आणि शाळा व्यवस्थापन समितीचा एक सदस्य, अशी तुकडी प्रत्येक आठवड्यास नेमावी. मुलांनी सकाळी उन्हापूर्वीच पाणी घालावे, आणि विहिरीवर एकट्याने जाऊ नये, अशी सक्त सूचना द्यावी.

नोंदवही

रोपाचा क्रमांक, जात, लावल्याची तारीख, उंची, पाणी दिल्याचे दिवस व शेरा, एवढे रकाने पुरेत. रोप मेल्यास तसे लिहावे आणि कारणही लिहावे. मेलेल्या रोपाच्या जागी गुपचूप नवे लावून आकडा पुरा करू नये. मुले ते पाहत असतात, आणि तोही एक धडाच ठरतो. चाळीसपैकी तेवीस जगली, तर शेकडा किती, हे गणित मुलांनी या वहीवरून करावे. पुढील वर्षी शंभर नवी रोपे मागण्यापूर्वी ही वही उघडावी. सांभाळता येतील तेवढीच रोपे लावणाऱ्या शाळेची संख्या कागदावर लहान दिसेल. परंतु दहा वर्षांनी सावली त्याच शाळेच्या अंगणात असेल.