दवाखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचा रिपोर्ट किती सुरक्षित?

लॅबमधून रिपोर्ट येतो. रिसेप्शनवरून त्याचा फोटो स्टाफच्या ग्रुपवर जातो. डॉक्टर बाहेर असले तरी दोन मिनिटांत उत्तर मिळतं. अनेक दवाखान्यांत असंच काम चालतं. पण त्या फोटोवर पेशंटचं नाव, वय आणि तपासणीचा निकालही असतो.

व्हॉट्सॲप तर एन्क्रिप्टेड आहे ना?
हो, २०१६ पासून. पण एन्क्रिप्शन मेसेजला फक्त वाटेत जपतं. फोटो आपोआप सेव्ह होण्याची सेटिंग चालू असेल, तर तो ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या गॅलरीत जातो. तिथून क्लाउड बॅकअपमध्येही जाऊ शकतो. नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्याला ग्रुपमधून काढलं, तरी आधीचे फोटो त्याच्या फोनमध्ये राहतात.

कायदा काय सांगतो?
डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे.

दवाखान्याने काय करावं?
• नावाऐवजी केस पेपरचा नंबर लिहावा, फोटोतलं नाव झाकावं.
• फोटो आपोआप सेव्ह होणं बंद ठेवावं.
• औषध बदललं, तर ते केस पेपरवरही लिहावं. शेकडो मेसेजमध्ये डोस हरवू शकतो.
• तातडीचं असेल, तर थेट फोन करावा. निळ्या टिक दिसल्या म्हणजे काम झालं असं नाही.

आणि पेशंटने? ‘माझा रिपोर्ट कोणाकोणाला पाठवता?’ हे विचारायला संकोच करू नये.