मद्य आले, कापड गेले. उरली ती खापरे

परभणी - पैठणहून गंगाखेडकडे वाहत येणाऱ्या गोदावरीच्या खोऱ्याचा दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार होता. त्याची साक्ष 'ॲम्फोरा' नावाच्या मातीच्या भांड्यांची खापरे देतात. डेक्कन कॉलेजचे प्रा. ह. धी. सांकलिया यांनी १९५४-५६ मध्ये प्रवराकाठच्या नेवासे येथे केलेल्या उत्खननात अशी खापरे मिळाली.

दोन कान, निमुळता तळ आणि मद्य झिरपू नये म्हणून आतून राळेचा लेप, अशी या भांड्याची घडण असे. भडोच बंदरात इटलीच्या मद्याला विशेष पसंती होती, असे पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ सांगतो. पैठणहून अकीकासारखे दगड, तर तगर म्हणजे आजच्या तेरहून मलमल व जाडेभरडे कापड गाड्यांतून भडोचला जाई. हे कापड काळाच्या ओघात कुजून गेले. परक्यांचे मडके तेवढे टिकले.

मात्र प्रत्येक खापर रोमन नसते. भांडे बिनकानाचे आणि लेप डांबराचा असेल, तर ते मेसोपोटेमियाकडील 'टॉर्पेडो' भांडे ठरते. पुरातत्त्वज्ञ रोबर्टा टॉम्बर यांनी २००७ मध्ये हा फरक स्पष्ट केला. नांगरटीत सापडलेले खापर आतून घासून धुतले, की नेमका हाच पुरावा नाहीसा होतो.